नैवेद्याआधीचं ताट

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. चौतीस वर्षं वॉर्डात उभी राहून गुडघे गेले, त्याचं मला फार वाटत नाही. पण चांगलं वागून वागून माणूस थकतं, हे आमच्या मंडळीत कुणी मोकळेपणी बोलत नाही. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर माझं एकटीचं, आणि त्या घरात मी आणि माझे गुडघे. त्यामुळे माझा राग नुसता माझा राहत नाही. शेजारीण नळावर भांडली तर ती भांडते, मी भांडले तर येशू भांडतो.

हे ओझं आईनं लहानपणीच डोक्यावर ठेवलं. आम्ही तेव्हा अंजनगाव सुर्जीला राहायचो आणि आई एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. ती म्हणायची, तोंडानं सांगायला पाळक आहेत, आपण हातानं सांगायचं. तिचा दुसरा नियम असा, की दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य आपण खायचा नाही. कुणी प्रसाद पुढे केला की ती हात जोडून सरळ सांगायची, आमच्यात चालत नाही, आणि लोकही मनावर घेत नसत. मला तेवढा सरळपणा कधी जमला नाही. मी पित्त शोधून काढलं. पुरणानं पित्त होतं, डाळीनं छातीत जळजळतं, डॉक्टरांनी सांगितलंय. कुणाचं मनही दुखत नाही आणि आपलं सोवळंही सांभाळलं जातं, म्हणून मी स्वतःवर खूशही होते.

मी निवृत्त झाले त्याच सुमाराला शेजारच्या घरात पातूरकडून म्हातारी आली. शेतीवाडी थोरल्याकडे सोपवून ती इथे धाकट्या मुलाकडे आली होती. शुगर होती आणि डाव्या पायाला जखम. सून एका सकाळी दारात आली, म्हणाली, ताई, एकदा बघता का. बघितलं. एकदाचं रोजचं झालं आणि रोजचं करता करता दोन वर्षं झाली.

म्हातारीची जीभ मिरचीची. मी पट्टी करत असताना ती तोंड भिंतीकडे करून बसायची. मी परत जाताना उंबरठा ओलांडला की सुनेला हाक मारून खोलीत गोमूत्र शिंपडायला लावायची. त्याचा वास माझ्या अंगणापर्यंत यायचा. सून ओशाळून जायची आणि मी म्हणायचे, असू दे गं. मनात मात्र असू दे नव्हतं. काही सकाळी मी जखमेवरून कापूस गरजेपेक्षा जरा जोरात फिरवला आहे, हे इथे लिहून ठेवते.

आमच्या पाळकांना या पट्टीचं कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला. नंतर दर रविवारी विचारू लागले, त्या घरी सुवार्ता पोचली का? मी एकदा म्हणाले, पट्टी पोचते रोज. ते हसले. पण उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली की त्यांची नजर माझ्या बाकावर यायची. कुणीतरी उठून सांगायचं, माझ्या वागण्यानं अमुक शेजारी प्रार्थनेला यायला लागले. माझ्याकडे सांगायला एक जखम होती, अर्धी भरायची आणि पुन्हा उघडायची.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पावसानं दडी मारली होती, उकाडा मरणाचा, आणि माझ्या अंगात सकाळपासून कणकण होती. मी पट्टी सोडत असताना म्हातारीनं पाय झटकन मागे ओढला आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "हात जड झाला या बाईचा. फुकटचं काम असंच ऱ्हायते."

मी हातातला चिमटा ट्रेमध्ये टाकला. म्हणाले, "मंग सडू द्या पाय. मी काही तुमची मोलकरीण नाई."

चौतीस वर्षांत कुठल्या रुग्णाला असं बोलले नव्हते. दारू पिऊन अंगावर ओकणाऱ्यालाही नाही. जखम उघडी टाकून मी घरी निघून आले, पट्टी मागे सुनेनं कशीबशी गुंडाळली.

चार दिवस मी गेले नाही. पहिला दिवस रागात गेला. दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि लाज वाटायला लागली, आणि लाजेनं पाय रागापेक्षा जास्त जड होतात. तिसऱ्या दिवशी सून विचारायला आली, पट्टी नेमकी कशी करू? मी दारातूनच सांगितलं आणि म्हणाले, मला अजून ताप आहे. ताप आदल्या दिवशीच उतरला होता. संध्याकाळी प्रार्थनेला बसले, पण एक शब्द येईना. दोन वर्षं हातानं जे काही सांगितलं होतं ते मी एका वाक्यानं पुसलं होतं. आता म्हातारीच्या लेखी येशू म्हणजे पाय सडू दे म्हणणाऱ्या बाईचा देव. हे मला सहन होत नव्हतं आणि उठून जाऊन निस्तरायची हिंमतही होत नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सकाळी सून दरवर्षीसारखी बोलवायला आली आणि मी दरवर्षीसारखं पित्त पुढे केलं. ती गेली आणि मला स्वतःची किळस आली. दुपार कशीतरी काढली. शेवटी पट्टीचं सामान पिशवीत घातलं आणि निघाले.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पुढच्या खोलीत पंगत बसली होती, कढी वाढणारी पोरगी माझ्या पायात येत होती. मी मागच्या खोलीत गेले. म्हातारी खाटेवर होती. तिच्या उशाशी स्टुलावर एक ताट दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, मावशी, चुकलं माझं. तिनं वरचं ताट उचललं. पुरणपोळी, वडे, सोळा भाज्यांची भाजी, वाटीत आंबील.

"निवद दाखवाच्या आधी काढलं हाय," ती म्हणाली. "खाय."

त्या घरात महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं मीठसुद्धा कुणी चाखत नाही. लहान पोरं भुकेनं रडली तरी त्यांना दूध-बिस्किटावर ठेवतात. हा नियम पाळायला लावणारी हीच म्हातारी. माझ्यामागे गोमूत्र शिंपडून घेणारीही हीच.

मी विचारलं, देवीच्या आधी कसं काढलं? ती म्हणाली, देवीला सांगितलं, घरचीच आहे, रागावू नको. मागच्या वर्षीही काढून ठेवलं होतं, मी आलेच नाही. तिच्या गावी पूर्वी आमच्यातली एक मास्तरीण होती, तीही नैवेद्याचं खात नसे, पण ती तसं तोंडावर सांगायची. एवढं बोलून म्हातारीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू पित्ताचं काऊन सांगतं? तुह्या देवाले निवद चालत नाई अन् खोटं चालते काय?"

वॉर्डात मी मोठमोठ्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली आहेत, पण इतकं उघडं कुणी पाडलं नव्हतं. मी खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, नाही चालत, मावशी. मग बोलत राहिले. सगळ्यांना बरी वाटावी म्हणून खोटं बोलत आले, कालपरवा तापाचंही खोटंच होतं. येशू आजाऱ्यांच्या गर्दीत माझ्याहून जास्त थकत असेल, पण त्यानं कुणाला सडू दे म्हटलं नाही, ते मी म्हटलं. दोन वर्षांत त्या घरात येशूचं नाव मी तोंडानं पहिल्यांदा घेतलं, ते माफी मागताना. पाळकांना साक्ष म्हणून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, तो माफ करतो का? मी म्हणाले, करतो. ती म्हणाली, बरं, मग जेव, पोळी थंड होते आहे. मी जेवले. बाहेर पंगतीत कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी खाली मान घालून जेवत होते आणि रडत होते, आणि पुरण खरंच छान झालं होतं.

हात धुऊन पट्टी सोडली. चौथं बोट काळं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, त्याच आठवड्यात बोट काढावं लागलं. ते आधीपासूनच जाणार होतं की त्या चार दिवसांत गेलं, हे सांगता येत नाही. मी परिचारिका आहे, मला माहीत आहे की सांगता येत नाही. तरी आजही सकाळी उठले की त्या चार दिवसांचा हिशोब मनात सुरू होतो.

कागद भरताना तरुण डॉक्टरांनी विचारलं, पट्टी रोज होत होती का? सून माझ्याकडे बघून अडखळली. म्हातारीनं तिला मध्येच तोडलं. म्हणाली, "रोज होये. शुगरनं गेलं बोट."

मी म्हणाले, नाही डॉक्टर, चार दिवस नीट झाली नाही. मी रागानं गेले नव्हते.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. सून औषधं आणायला खाली गेली. मी खाटेजवळ उभी राहिले, बसायला सांगेल की नाही याची वाट बघत. म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"थो माफ करते म्हनतं ना तू," ती म्हणाली. "मंग मी काय त्याच्याहून मोठी हाओ?"