एक उजळणी राहिली

हॉस्पिटलात तिला सगळे उजळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. मेंदूच्या ऑपरेशनआधी पेशंटची बोलण्याची जागा नेमकी कुठे आहे ते स्कॅनवर शोधायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पेशंटने स्कॅन मशिनच्या बोगद्यात पडून पडद्यावरच्या चित्रांची नावं मनातल्या मनात घ्यायची. तेव्हा मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो नकाशावर रंगतो. मनात कोण काय घेतंय हे मशिनला कळत नाही. म्हणून ती आधी प्रत्येकाला बाहेर बसवून कार्डांवर मोठ्याने उजळणी घ्यायची. किल्ली, छत्री, कात्री. प्राध्यापक असो की हमाल, कुणाची सुटका नव्हती.

सुटका झाली ती मेंदूत गाठ निघालेल्या तिच्या धाकट्या भावाची. कापडाच्या दुकानात नुसत्या बोलण्यावर गिऱ्हाईक खिळवून ठेवणारा माणूस तो. "ताई, आता मला छत्री शिकवणार का?" तो म्हणाला. ती हसली आणि कार्डं खिशातच राहिली.

नकाशावर रंग फिका आला, पण गाठीपासून चांगला दूर. दुसऱ्या खोलीत डोक्यावर चुंबकाची कॉइल धरून, मेंदूला जागोजागी क्षणभर झटका देऊन तपासलं, तेव्हा मात्र गाठीला लागूनच्या जागी त्याचं बोलणं अडखळलं. त्या झटक्याने त्याचा जबडाही आवळला होता, त्यामुळे अडखळणं मेंदूचं की जबड्याचं, हे कुणालाच सांगता येईना. जागं ठेवून, बोलतं ठेवून ऑपरेशन करावं, तर त्याचा खोकला थांबत नव्हता.

सर्जनने दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. "मशिनमध्ये नीट केलं होतं ना पेशंटने? तुमच्या नकाशावर गेलो तर सगळी गाठ काढता येईल."

"माझा भाऊ आहे, सर. नीटच केलं असणार," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती असं अंदाजाने बोलली नसती.

गाठ सगळी निघाली. बोलणंही गेलं.

आता ड्यूटी संपली की ती कार्डं घेऊन भावाकडे जाते. तीन महिने झाले. काल तिने छत्री दाखवली. त्याचे ओठ नुसतेच हलले, कपाळावर घाम आला. मग त्याने डोळे गच्च मिटले, तिचं मनगट धरलं आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "एक, दोन, तीन, चार..."

तिला केवढा आनंद झाला! "अगं, ये लवकर! बोलतोय हा!" तिने भावजयीला हाक मारली.

भावजय दारातच थांबली. "घाबरले की तेच करतात हो, ताई. मशिनमध्येही चित्रांची नावं सोडून सगळा वेळ डोळे मिटून आकडेच मोजत होते. आत जीव घुसमटला म्हणे. तुमच्या लोकांपुढे तुमचं हसं होईल, म्हणून सांगू नको म्हणाले. एवढं काय त्यात, म्हणून मीही बोलले नाही."

तिला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला, पण भावाने मनगट सोडलं नव्हतं. तो तीसपर्यंत गेला आणि पुन्हा एकपासून मोजू लागला.