दोन सुट्या पानांची नोंद

हनीफ मुकादम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी महाडच्या कार्यालयात बैठकीला बसले होते. त्यांच्या कुवेतमधल्या मुलाने तीनच शब्द पाठवले होते, ‘अब्बा सकाळी गेले.’ दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. बैठक अर्धवट सोडून मी त्यांच्या घरी पोचले. त्यांच्या पत्नी, आमच्या चाची, आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेत त्या हळूच म्हणाल्या, “ती माझ्यावर रागावलीय अजून, असं म्हणायचे गो ते.” माझा राग केव्हाच गेला होता, पण तो गेल्याचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं... या गोष्टीला आता महिना झाला.

पोलादपूरला तालुक्याच्या एका कार्यालयात मी नोकरीला लागले तेव्हा मुकादमभाई तिथले अभिलेखपाल होते. कार्यालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. भाऊ, मेहुणे, मुलगा सगळे आखातात गेलेले, आणि हा माणूस मात्र रोज एसटीने महाडहून येऊन मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये बसायचा. जुनी मोडी वाचता येणारे कार्यालयात ते एकटेच. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या मोडीत होत्या. कुणी पणजोबाची नोंद शोधत आला की मुकादमभाई बोट ठेवून वाचून दाखवत, आणि मुंबईहून रजा काढून आलेला माणूस आपल्याच घराण्याचं नाव पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा बघत राही. आम्हा नव्या कारकुनांना ते कागदांचे वर्ग शिकवत. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचा, ‘ड’ म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा, मधल्यांच्या मुदती ठरलेल्या. मुदत संपलेले कागद वेगळे काढण्याला सरकारी भाषेत निंदणी म्हणतात. ते म्हणत, शेतात निंदणी करणाऱ्या बाईला तण कुठलं आणि नाचणी कुठली ते कळावं लागतं, तेवढंच आपल्यालाही कळलं की झालं.

मला ते कळलं नाही. नवे साहेब आले होते आणि वरून तपासणी येणार होती. आठवड्याभरात खोली रिकामी करून रंग लावायचा, असा त्यांचा हुकूम. मुकादमभाई नेमके चाचींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेलेले. नष्ट करायच्या कागदांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी परिविक्षेवर होते, म्हणजे साहेबांचा शेरा वाईट पडला तर नोकरीच जायची. एका गठ्ठ्याची चिठ्ठी वाळवीने खाल्ली होती. वर आवक-जावकची एक जुनी वही आणि तिच्याखाली मोडीतलं एक जाड बाड होतं. मी ते साहेबांकडे घेऊन गेले. मुकादमभाई येईपर्यंत थांबू या, असं सुचवलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, जे कुणाला वाचता येत नाही ते ठेवायचं कशाला? मी वरची वही बघितली आणि यादीत लिहिलं, ‘आवक-जावक, मुदत संपली.’ साहेबांची सही झाली. दोन दिवसांनी रद्दीवाल्याचा टेम्पो भरून महाडला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमभाई हजर झाले. खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. तिसऱ्या फळीवरचा कोपऱ्यातला गठ्ठा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना उत्तर मिळालं. कुडपण गावाच्या अंगाला असलेल्या एका वाडीचे जन्म-मृत्यू त्या बाडात होते, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते ओरडले नाहीत. शिपायाची मोटरसायकल मागून घेतली आणि मला मागे बसायला सांगितलं. गोदामात दोन बायका गठ्ठे सोडून पुठ्ठे एकीकडे, कागद दुसरीकडे टाकत होत्या आणि टेम्पो पुन्हा भरला जात होता, कागद कारखान्यात लगद्याला जाण्यासाठी. ड्रायव्हर घाई करत होता. मुकादमभाई सरळ टेम्पोसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सरकारी वही हाय यात. ती मिळाल्याबिगर गाडी हलायची नाय.” शुद्ध बोलणारा हा माणूस त्या दिवशी आपल्या मोहल्ल्याच्या बोलीत बोलला. आम्ही चढून एकेक गठ्ठा खाली घेतला. धुळीने माझे डोळे सुजले. ड्रायव्हरने दोनदा इंजिन सुरू केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्यांनी हात वर केला, हातात ते बाड होतं. पुठ्ठा निघालेला, शिवण उसवलेली आणि दोन पानं सुटी झालेली.

परत आल्यावर साहेब म्हणाले, मिळालं ना, मग ठेवा जागेवर, विषय संपला. मलाही तेच हवं होतं. मुकादमभाईंनी मात्र माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

“लिही, बाय. काय झालं ते सगळं लिही.”

मी हात जोडले. परिविक्षा संपायला चारच महिने राहिलेत, घरात कमावणारी मी एकटी, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण कागद तिथेच राहिला. स्वतःचं निवेदन त्यांनी आधीच लिहिलं होतं, चिठ्ठी खराब झालेली माहीत असून मी नवी लावली नाही, असं. मी रडत लिहू लागले. मग त्यांनी ती दोन सुटी पानं हातात घेतली आणि मला सांगू लागले, प्रत्येकावर नोंदी किती, पहिलं नाव कोणतं, शेवटचं कोणतं, शाई कुठे फुटलीय. तेही मी लिहिलं. मग त्यांनी ती पानं नव्या दोऱ्याने बाडात शिवली. साहेबांनी चिडून तारखेचा शिक्का मारून कागद आवकला घेतला. मला कारणे दाखवा नोटीस आली. नोकरी वाचली, पण सेवापुस्तकात ताकीद बसली आणि परिविक्षा एक वर्षाने वाढली. ते वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते डब्यातली तांदळाची भाकरी पुढे करायचे, मी भूक नाही म्हणायची.

पुढे त्याच वाडीचे काशिराम आले. मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण जातीच्या पडताळणीसाठी पणजोबांची नोंद हवी होती. नोंद निघाली, ती नेमकी त्या दोन पानांपैकी एकावर. ती तपासायला आलेल्या पडताळणीच्या अधिकाऱ्यांनी बाड उलटून पाहिलं आणि त्या पानांवर बोट ठेवलं. बाकीची शिवण जुनी, इथला दोरा नवा. हे पान मागाहून घातलेलं नाही कशावरून? काशिराम भिंतीला टेकून उभे होते. मुदत सोमवारी संपत होती. मुकादमभाई उठले, एक फाइल आणली आणि माझं निवेदन अधिकाऱ्यांपुढे उघडून ठेवलं. अधिकारी माझा कागद वाचत गेले आणि मुकादमभाई पानावर बोट सरकवत गेले... नोंदी सतरा, पहिलं नाव, फुटलेली शाई, शेवटचं नाव. काशिरामांनी अर्ज करायच्या कितीतरी आधीचा आवक शिक्का त्या कागदावर होता. अधिकाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिलं आणि मग सही केली.

जाताना काशिराम मला म्हणाले, “बाय, तुमी तवा खरं लिवलंत, म्हून माझ्या पोरीचं झालं.” सगळे गेल्यावर मी मुकादमभाईंना विचारलं, हे असं होईल हे तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, “कुठलं माहीत? त्या वर्षात मला झोप नव्हती गो. पोरीची नोकरी गेली असती तर?” आणि भाकरीचा डबा पुढे केला. त्या दिवशी मी जेवले. पण माफी मागायची राहिली, पुढे बदली झाली, ते निवृत्त झाले...

गेल्या आठवड्यात कामासाठी जुन्या कार्यालयात गेले होते. आता तिथे एक तरुण अभिलेखपाल आहेत आणि यंदाची निंदणी चालू आहे. त्यांनी संकोचत एक फाइल पुढे केली. मॅडम, यात तुमची नोटीस आणि निवेदन आहे, मुदत कधीच संपलीय, यादीत घेऊ का? त्यांना वाटलं मला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलंही. मी फाइल उघडली. आतल्या बाजूला मुकादमभाईंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘नोंदवहीसोबत ठेवणे. नोंदवही आहे तोवर.’

मी त्यांना ते बाड काढायला सांगितलं. फाइल त्याच्यावर ठेवली, दोन्ही मिळून एका रुमालात बांधलं आणि नव्या चिठ्ठीवर वर्ग लिहिला, ‘अ’.