कंडक्टर अक्का आणि आंधळा सोन्या

कंडक्टर अक्कांच्या फाटकातून नाव सांगितल्याशिवाय एकही जनावर आत गेलं नाही. हळ्ळीखेडच्या पलीकडे एका खेड्याच्या वेशीला लागून त्यांचं जेमतेम एकरभर रान होतं. तिथं म्हातारे बैल, लंगडी कुत्री, टेंपोखाली सापडलेली गाढवं आणि एक अत्यंत खडूस शेळी असा संसार होता. कुणी भाकड गाय सोडायला आला की अक्का कमरेवर हात ठेवून वाट अडवत.

"नाव काय हिचं?"

"जनावराला कसलं नाव, अक्का?"

"मग धार काढताना काय म्हून हाक मारत व्हतास? तेच सांग. नाव घेऊन एकदा हाक मार, आन् जा खुशाल."

निम्मे लोक इथंच अडकायचे. हाक ऐकली की गाय मान वळवून बघायची आणि मालकाचा पाय निघायचा नाही. कितीतरी जण गाय घेऊन आल्या वाटेनं परत गेले. अक्का म्हणत, "इथलं तिकीट म्हंजे नाव. फुकट्याला मी गाडीत कवा चढू दिलं न्हाई."

सरकारी बसमध्ये त्यांनी उभा जन्म तिकिटं फाडली होती. बसवकल्याणहून उमरग्याकडे जाणाऱ्या गाडीत बाई कंडक्टर बघून त्या काळी भल्याभल्यांच्या पोटात दुखायचं. अक्कांनी कुणाच्या पोटाची कधी काळजी केली नाही. घंटी मारून गाडी थांबवायची, दारुड्याची कॉलर धरून खाली उतरवायचं आणि पुढच्या माणसाला सुटे पैसे मागायचे, हे त्या एका दमात करत. आवाज तर असा की पार मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस जागा होई. जनावरांशी त्या कन्नडात बोलत, आमच्याशी मराठीत, आणि भांडण निघालं की दखनी उर्दूत शिरत. "दखनीत शिवी दिली की समोरच्याला आधी हसू येतंय, राग मागनं येतोय. तेवढ्यात आपलं काम व्हतंय," हा त्यांचा अनुभव.

मी बिदरच्या मैलूर भागात राहते, बँकेत नोकरी करते. दर रविवारी पहिल्या बसनं अक्कांकडे जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा पिल्लांना कुरवाळायचं आणि जमलं तर चार फोटो काढायचे, एवढाच माझा बेत होता. अक्कांनी हातात फावडं दिलं. "आधी शेण. माया मागनं." मी सेवा करायला आलेय असं काहीतरी पुटपुटले, तर त्या भडकल्याच. "सेवा देवाची कर. हितं काम हाय." त्याच दिवशी एका कुत्र्याच्या जखमेतल्या आळ्या चिमट्यानं काढताना मला ओकारी आली आणि मी गोठ्यामागे पळाले. अक्का मागून आल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला. "झालं? चूळ भर आन् ये. कुत्रं वाट बघायलंय." सहानुभूती म्हणतात ती एवढीच मिळाली. पण खरं सांगते, माझ्या भित्र्या स्वभावाला इतकं चांगलं औषध दुसऱ्या कुणी दिलं नाही. पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. हळूहळू माझ्यासारखे आणखी चार-पाच जण येऊ लागले आणि गाव आम्हाला रविवारचे लोक म्हणू लागलं.

मग शेजारच्या शेतात प्लॉट पडले. कमान उभी राहिली, कमानीवर सिमेंटचे दोन सिंह बसले आणि प्लॉटवाल्यांना शेजारच्या जिवंत जनावरांची घाण वाटू लागली. त्यांनी गावातल्या थोरामोठ्यांना हाताशी धरलं. एके दिवशी चार पागोटी फाटकाशी आली. त्यातले सगळ्यात वडीलधारे अप्पा घसा खाकरून म्हणाले, "अक्का, लुळीपांगळी जनावरं वेशीपाशी ठेवू न्हाई. गावाला दोष लागायलाय. कारहुणवीच्या आत दुसरीकडं न्ह्या, न्हाईतर आमाला हाकलावं लागंल."

"अप्पा, तुमचे बी गुडघे गेलेत की," अक्का म्हणाल्या. "तुमाला कुठं हाकलायलेत?"

पागोटी तणतणत गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. एवढी जनावरं घेऊन ही बाई जाणार कुठं?

आमच्याकडे बैलांचा सण पोळ्याला नाही, ज्येष्ठातल्या पुनवेला, कारहुणवीला असतो. वेशीत लिंबाचा पाला आणि खोबऱ्याच्या वाट्या बांधलेली दोरी आडवी ताणतात. ती कर. बैल पळवत आणायचे, आणि जो बैल पहिल्यांदा कर तोडील त्याच्या रंगावरून पीक सांगायचं. पांढऱ्यानं तोडली तर रब्बीचा जोंधळा चांगला, तांबड्यानं तोडली तर खरीप. आणि कर तोडणाऱ्या बैलाची दावण, म्हणजे त्याच्या गोठ्यातली सारी जनावरं, वर्षभर कुणी हलवायची नाही, ही त्या गावची जुनी रीत. पहिला बैल कुणाचा, यावरून दोन घराण्यांचं दरवर्षी भांडण होई. त्या वर्षीही झालं. हलगी थांबली, शिंगं रंगवलेले बैल ताटकळले आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या आज्या-पणज्यांचा उद्धार करू लागले.

तेवढ्यात अक्का सोन्याला घेऊन आल्या. सोन्या दोन्ही डोळ्यांनी आंधळा, पांढरा, हाडं वर आलेली. अंगावर अक्कांचं जुनं इरकली लुगडं झुलीसारखं टाकलेलं. दुसऱ्या बाजूनं कासरा माझ्या हातात होता.

"अक्का, थांबा. आधी त्यांचं मिटू द्या," मी म्हणाले.

"त्यांचं माझ्या आजीच्या काळापास्नं मिटंना. सोन्याला तेवढा टाइम न्हाई."

अक्कांनी जिभेनं टक् केलं आणि सोन्या चालू लागला. पळाला नाही, रमतगमत गेला. लिंबाच्या पाल्याचा वास आला म्हणून त्यानं तोंड वर केलं, दोरी शिंगात अडकली, त्यानं वैतागून मान झटकली आणि कर तुटली.

आणि जन्मभराच्या सवयीनं गुडघे गेलेले ते अप्पाच ओरडले, "पांढऱ्यानं तोडली रे! जोंधळा पिकतंय औंदा!"

हलगीवाल्यानं हलगी बडवली. पोरांनी खोबऱ्यावर झडप घातली. अप्पांच्या लक्षात आलं तोवर गुलाल उडाला होता. ही कर धरायची नाही, असं दोघं-तिघं म्हणू लागले तेव्हा अक्कांनी तुटलेलं टोक उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या, बांधा परत. मग पाऊस न्हाई पडला तर तुमी आन् गाव बघून घ्या."

कुणी हात पुढे केला नाही. कारहुणवीच्या दिवशी एवढी छाती कुणाची असते? अप्पा मान खाली घालून हसायला लागले, ते मी पाहिलं. दावण जागची हलली नाही.

थंडीत अक्का आजारी पडल्या. बिदरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रविवारी सकाळी मी शेवाळाच्या रंगाची त्यांची आवडती शाल घेऊन भेटायला गेले, तर मला बघून त्या उठूनच बसल्या.

"आज हितं कामून आलीस? तिकडं पाणी कोण पाजायलंय?"

"अक्का, एक दिवस..."

"तहान एक दिवस थांबती का? ऊठ. बस गाठ."

मी रागानं रडत बस गाठली. असं कुणी बोलतं का भेटायला आलेल्या माणसाला? त्यानंतर त्या मला दिसल्या त्या थेट अंगणात, बसवून ठेवलेल्या, गळ्यात हार घातलेल्या. पहाटेच गेल्या होत्या. सगळं गाव जमलं होतं, भजन चालू होतं, आणि त्या गडबडीत सकाळपासून जनावरांकडे कुणी बघितलं नव्हतं. मातीला न्यायची वेळ झाली तेव्हा आम्ही रविवारचे लोक हौदावर होतो. नातेवाईक हाका मारत होते. एवढं पाजून येतो म्हणालो, आणि पाजूनच गेलो. अक्कांना समाधीच्या खड्ड्यात ठेवून झालं होतं. मूठभर माती तेवढी टाकायला मिळाली. जिनं एवढं केलं तिच्या मातीलासुद्धा यांना वेळेवर येता आलं नाही, असं लोक अजून म्हणतात. म्हणू द्या. मला त्याची लाज वाटत नाही.

तिथंच प्लॉटवाला हाताची माती झटकत माझ्याजवळ आला. आवाज अगदी मऊ. "मॅडम, आता तर अक्का बी गेल्या. मग जनावरं कवा हलवायलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऊन कलायला लागलं होतं.

"संध्याकाळचं पाणी पाजायचंय," मी म्हणाले. "वाट सोडा."