नळीतलं दुधाळ रक्त

माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी बांधावर छातीला हात लावून बसले, ते उठलेच नाहीत. मी सातवीत होतो. शाळा तिथंच संपली. कोल्हापूरकडचं गाव सोडून कामापायी फिरत फिरत पुसदला एका ट्रॅक्टरच्या गॅरेजवर आलो. उस्तादांनी काम दिलं, आणि चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ताट वाढलं. ते ताट आजही सुटलेलं नाही.

यंदा मला बेचाळिसावं लागलं आणि पाना ओढताना छाती जड वाटू लागली. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती ठीक निघाली. "रक्तातली चरबी तपासा, बारा तास पोट रिकामं ठेवून," म्हणाले.

रमजान चालू होता. उस्तादांसोबत मीही रोजे धरतो. म्हटलं, आपण तर उपाशीच आहोत. सकाळी दहालाच तपासणीवाल्या ताईंकडे गेलो. त्या फुलसावंगीच्या. त्यांनी रक्त मशीनमध्ये फिरवलं आणि नळी उजेडात धरली. वरचं पिवळसर पाणी स्वच्छ दिसायला हवं होतं, ते दुधासारखं पांढरं होतं.

वडिलांचंच आलं, दुसरं काय!

"भाऊ, काय खाल्लं?"

"काही नाही. रोजा आहे."

"अन् पहाटे?"

पहाटे सहेरीला चाचींचे तुपातले तीन पराठे आणि वाटीभर मलाई. सांगितल्यावर ताई हसल्या.

"त्याले पाचच तास झाले ना! तेल पाण्यात मिसळत नाही, अन् रक्त तं बरंचसं पाणीच. म्हणून शरीर चरबीच्या बारीक गाठोड्या बांधते, वरून प्रथिनाचं वेष्टन. तुमचे पराठे अजून रस्त्यातच हायेत."

मग त्यांनी नीट सांगितलं. या जेवणाच्या गाठोड्या काही तासांत रिकाम्या होतात. दुसऱ्या गाठोड्या कोलेस्टेरॉल अंगभर पोचवतात. त्या फार झाल्या की नसांच्या भिंतीत साचतात. आणखी एक जात उरलेलं कोलेस्टेरॉल उचलून लिव्हरकडं परत नेते. मला नसांत साचणारीच काय ती लक्षात राहिली.

उस्तादांना कळलं तसे ते ओरडले, "अबे, तुया रक्तात तं आमच्या घरची मलाई तरंगून राह्यली! अन् घाबरून कायले राह्यला? रोजा सोडायच्या आधी जा. तेरा तास होतात."

ताई माझ्यासाठी संध्याकाळी थांबल्या. उस्ताद खजूर रुमालात बांधून सोबत आले. सुई निघाली आणि चार-पाच मिनिटांत अजान झाली. तिथल्याच बाकावर आम्ही रोजा सोडला. एक खजूर ताईंनाही दिला.

यावेळी नळीतलं पाणी स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, साचणाऱ्या गाठोड्या थोड्या जास्त आहेत, आजच भ्यायचं कारण नाही. तूप कमी करा, चाला, तीन महिन्यांनी परत या. मी विचारलं, वडिलांचंही हेच असेल का? ते म्हणाले, असू शकतं. वडिलांचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं.

पुढच्या सहेरीला चाचींनी पराठे कोरडे भाजले.

"मले काहून कोरडा?" उस्ताद कुरकुरले. "रक्त त्याचं तपासलं!"

"तुमचं कोणी तपासलं?" चाची म्हणाल्या. "खा चुपचाप."

आज दहाला ताईंकडे नाव लिहून आलो, उस्तादांचं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.