बोलोन्यात मोडलेल्या तीन शेंगा

इटलीतलं बोलोन्या शहर पाहून माझं पहिलं मत असं झालं, की इथल्या लोकांनी घरं कमी आणि ओसऱ्याच जास्त बांधल्यात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानीच कमानी. त्यांना पोर्तिको (घरापुढची छताची ओसरी) म्हणतात. पाऊस असला तरी गावभर कोरडं फिरता येतं. मी मात्र आमच्या गावाहून, जवळा बाजारहून, छत्री वागवत नेलेली, ती वाया का घालवायची, म्हणून छताखालीही उघडून चाललो. लोक वळून पाहत होते. छत्री आवडली असावी.

माझी लेक मनीषा इथं शिकते आणि एका वयस्कर बाईंच्या घरात खोली घेऊन राहते. बाईंनी फोडणीला बंदी घातलेली; वास कोटांना चिकटतो म्हणे. सहा महिने पोरीनं मोहरी तडतडलेली ऐकली नव्हती. मी आल्याच्या निमित्तानं तिनं बाईंना जेवायला बोलावलं आणि एका दिवसाची सूट मिळवली. जेवण आवडलं तर फोडणी चालू, नाही तर कायमची बंद. हळद आमच्या शेतातली होतीच. माझ्याकडं काम एकच : बाजारातून फाजोलिनी (घेवड्याच्या कोवळ्या शेंगा) आणणे.

"बाबा, तिथं शहाणपणा करू नका," मनीषा म्हणाली. हे ती दहावीपासून सांगते.

वाटेत दोन उंच मनोरे लागले. एक चांगलाच कललेला, आणि लोक जवळच निवांत आइस्क्रीम खात होते. मी जीव प्यारा म्हणून लांबून वळसा घातला आणि वाट चुकलो. चुकत चुकत बाजाराच्या बोळात शिरलो. दुकानात जात्याएवढी चीजची चाकं, वर टांगलेल्या डुकराच्या तंगड्या. एका ठिकाणी तोर्तेल्लोनी (पनीरसारखं सारण भरलेल्या मैद्याच्या पुड्या) खाल्ल्या. चव छान, पण खाताना मी सारखी मिरची शोधत होतो.

या सगळ्यात दुपार झाली. घेवडा एकाच दुकानात उरला होता. आता आमच्याकडं भेंडीचा शेंडा न मोडता भाजी घेणाऱ्याला विकणाराही हसतो. मी एक शेंग मोडली. कट्. दुसरी मोडली. तिसरी तोंडात टाकली.

दुकानदारीण माझ्याच वयाची, लाल अॅप्रनवाली. तिनं टोपली ओढून घेतली आणि जे बोलली, त्यातला शब्द कळला नाही. अर्थ मात्र पुरता पोचला. रांगेतले सगळे माझ्याकडं पाहू लागले. तिनं माझ्या मागच्या माणसाला पुढं घेतलं. मी बाजूला होऊन लेकीला फोन लावला.

"बाबा, भाजीला हात लावला का?"

"हात कशाला लावू? मोडून पाहिली."

मग तिनं समजावलं, की इथं गिऱ्हाईक भाजीला हात लावत नसतं, बोट दाखवतं. बाईला 'स्कूझी' (माफ करा) म्हणा आणि हात मागं बांधून उभे राहा.

हेडमास्तरांपुढं उभा राहायचो तसा मी पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिलो. नंबर आल्यावर स्कूझी म्हणालो. खिशात दडवलेले दोन शेंगांचे चार तुकडे काढून फळीवर मांडले. चोरीचा माल परत. ती त्या तुकड्यांकडं पाहत राहिली, मग खदाखदा हसली. टोपलीतली एक शेंग उचलून तिनं माझ्या कानाजवळ मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः चावली. कोवळी होती. मी मान डोलावली, तेव्हा तिनं पिशवी भरली.

मनीषानं फोडणीची कढई चढवताच घरमालकीण बाईंनी सगळे कोट आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. जेवताना घेवड्याची भाजी दोनदा घेतली. मग उठून खिडकी उघडली. मनीषाचा चेहरा पडला. बाई काहीतरी म्हणाल्या आणि पोरगी एकदम हसायला लागली. "फोडणी देताना ही खिडकी उघडत जा, म्हणतात."

परत आल्यावर जवळा बाजारात भाजीला गेलो आणि नकळत हात मागं बांधून उभा राहिलो. भाजीवाली कमलबाई बघतच राहिली.

"काहून हात बांधून उभे राहिले, भाऊ? मोडून पाहा की भेंडी."

"तुमीच मोडा. अर्धी मला द्या, अर्धी तुमी खा."

परदेशात माणसाला काय होतं ते होतं, अशा नजरेनं तिनं शेजारणीकडं पाहिलं, पण भेंडी मोडून अर्धी तोंडात टाकली. चावून चावून थुंकली. "जून हाय," म्हणाली, आणि मागच्या टोपलीतली कोवळी भेंडी काढून दिली.

इतकी वर्षं मी एकटाच मोडत होतो, तेच चुकत होतं.