ताईंचा स्टँडबाय

ताईंचा फोन वाजायला लागला. ताई अंघोळीला गेलेल्या, त्यांचं बाळ माझ्या कडेवर. मी ते सांभाळते, ताई विमान चालवतात. त्या दिवशी त्यांचा स्टँडबाय होता, म्हणजे कोणी पायलट आजारी पडला की यांनी पळायचं. इस्त्रीचा युनिफॉर्म सकाळपासून दाराला लटकत होता, कोणी माणूस उभा असल्यासारखा. तो दिसला की घरात कुणी नीट बसत म्हणून नाही.

सकाळीच म्हणाल्या, "मंगल, आजची ड्यूटी कोणाला तरी द्यायला बघितली गं, कोणी घेईना. फोन आला तर थांबशील ना?"

"ताई, माझी पोर तापलीय, शेजारणीकडे टाकून आलेय."

"अगं, नाही येणार फोन."

आला की! उचलला तर त्या जाणार नि मी इथंच अडकणार. नाही उचलला तर त्यांच्या नोकरीवर गदा येणार. त्यांना नुसतं वाट बघायचाही पगार आहे. तिकडं माझी पोर वाट बघतेय, तिला काय? पंख्यानं युनिफॉर्म हलत होता, फोन वाजतच होता. तुम्ही काय केलं असतं, सांगा ना?