डबेवाल्या मावशी आणि गटारातलं झुरळ

झुरळ दिसलं की लोक चप्पल शोधतात. आमच्या तळमजल्यावरच्या डबेवाल्या मावशी चष्मा शोधायच्या. मेलेलं झुरळ उलटंसुलटं करून बघितल्याशिवाय केरात टाकायच्या नाहीत. "आधी कुठचं ते बघावं, मग शिव्या घालाव्यात," म्हणायच्या.

यजमान गेल्यावर रत्नागिरीत त्यांचं घर चाळीस डब्यांवर चालत होतं. एका पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या न्हाणीघरांत झुरळं निघू लागली. सेक्रेटरींनी बैठक बोलावली. विषय एकच: मावशींचे डबे बंद करणे.

"तुमच्या सुक्या मासळीच्या वासाने येतात ती," सेक्रेटरी म्हणाले.

मावशींनी लोणच्याची रिकामी बरणी टेबलावर ठेवली. आत सेक्रेटरींच्याच न्हाणीघरातलं झुरळ होतं, त्यांच्या बायकोकडून मागून आणलेलं.

"काय ओ सेक्रेटरी, जरा वाकून बघा, मेलंय ते. मोठं, तांबूस, मानेवर पिवळट कड. हे गटारातलं. पाइपातून वर चढतं. स्वयंपाकघरातलं बारकं असतं, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा. मिक्सरखाली, फ्रिजच्या मागे उबेला बसतं."

"तुमच्याकडे ते नाही?" मागून कोणीतरी विचारलं.

"किराण्याच्या खोक्यातून आलं होतं की! औषध लावून घालवलं. लपवू कशाला?"

मीही बैठकीत होतो; मी झुरळाला मोजपट्टी लावली. बरणीतलं पावणेचार सेंटिमीटर भरलं. बारकं दीडच्या पुढे जात नाही, हे मी माझ्याच ओट्यावर मोजलेलं होतं. मग सगळे खाली गेलो. गटाराच्या चेंबरचं फुटकं झाकण सरकवलं, तर आतली भिंत झुरळांनी तांबडी होऊन हलत होती. ते झाकण बदलणं सोसायटीचं काम होतं.

"ठीक आहे, विषय सोडून देऊ," सेक्रेटरी म्हणाले.

"सोडून कसा? हात वर करायला सांगा. कोणाकोणाला माझी चूल बंद हवीय, ते मला बघू दे."

एकही हात वर गेला नाही. "मग जाते मी. कुकर लावायचाय," म्हणून मावशी निघाल्या.

त्यानंतर सहा वर्षं डबे चालले. गेल्या वैशाखात मावशी गेल्या, त्या दिवशीसुद्धा दुपारचे डबे वेळेवर पोचले होते. शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना आपण सगळ्यांनी कायम सांभाळून घेतलं."

मी उभा राहिलो. म्हटलं, "नाही. आपण त्यांची चूल बंद करायला बसलो होतो. त्यांनी ती बंद करू दिली नाही."

शोकसभेत असं बोलू नये म्हणतात. मी बोललो.